दुधाचं नाव, वादळाचं नाव

श्रोतेहो, नमस्कार.

सोयाबीनच्या पेयाला 'दूध' म्हणायचं की नाही, हा वाद कोर्टापर्यंत गेला. युरोपच्या न्यायालयानं 2017 साली सांगितलं, म्हणायचं नाही. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानंही 2021 मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना तेच बजावलं. नारळाचं दूध तेवढं सुटलं.

मला हा नियम पटतो. आत जे आहे, तेच वर लिहावं. मग वादळाच्या कागदावर का नाही?

श्रीवर्धनच्या एका काकींची गोष्ट सांगतो. 3 जून 2020, निसर्ग चक्रीवादळ. दुपारभरात काकींची वाडी आडवी झाली. सुपाऱ्या मधोमध मोडल्या, माड मुळासकट उपटले. पुढे तलाठी पंचनाम्याला आले. काकी त्यांच्याबरोबर पडलेलं एकेक झाड दाखवत फिरल्या. कागदावर 'नैसर्गिक आपत्ती' असं वाचलं आणि थांबल्या.

"भाऊसाहेब, नैसर्गिक कसं? जूनचा वारा काय आम्हाला नवा आहे? असला वारा माझ्या सासऱ्यांनीसुद्धा बघितला नव्हता."

"काकी, रकाना एवढाच आहे."

"मग रकाना वाढवा!"

आधी मदत ठरली हेक्टरी 50,000 रुपये. म्हणजे गुंठ्याला जेमतेम 500. श्रीवर्धनात वाडी मोजतात गुंठ्यांत! ओरड झाली, तेव्हा झाडामागे मदत आली. माडाला 250 रुपये, सुपारीला 50. आज लावलेली सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. पन्नास रुपये, श्रोतेहो, आणि सहा-सात वर्षं.

काकींचा प्रश्न रास्त होता. वादळाला बळ मिळतं तापलेल्या समुद्रातून, आणि समुद्र तापतोय आपण जाळलेल्या कोळशानं, तेलानं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 1982 ते 2000 आणि 2001 ते 2019 हे दोन काळ ताडून पाहिले. अरबी समुद्रातली चक्रीवादळं 52 टक्क्यांनी वाढली. पुन्हा सांगतो, 52 टक्क्यांनी. वादळं पूर्वीही येत होती, कबूल. पण या वाढीला नुसतं 'नैसर्गिक' म्हणणं मला मान्य नाही.

2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात नैसर्गिक आणि मानवनिर्मित, दोन्ही कारणं लिहिलेली आहेत. तेव्हा काकींचा रकाना तलाठ्याकडे नाही, मंत्रालयात मागायला हवा.