धुळीचा उतार

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी तुमच्याशी धुळीविषयी बोलणार आहे. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. आमच्या दारावरून खनिजाचे ट्रक जायचे, सकाळी सुरू व्हायचे ते दिवे लागेपर्यंत. आई अंगणात दोनदा पाणी मारायची, तरी संध्याकाळी तुळशीची पाने तांबडीच. दोरीवरचे पांढरे कपडे ट्रकांची रांग येण्याआधी आत घ्यायचे, हे काम आम्हा भावंडांकडे असे. 2012 साली खाणी थांबल्या. गावातल्या कितीतरी घरांची चूल त्या ट्रकांवर पेटत होती, त्यामुळे तो काळ आनंदाचा होता असे मी म्हणणार नाही. पण त्या वर्षी दिवाळी उलटून गेल्यावरही रस्त्याकडेची काजूची झाडे हिरवी राहिली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. धूळ म्हटली की मला माझ्या वडिलांचा खोकला ऐकू येतो.

त्यामुळे भाचा फोनवर म्हणाला, "मामा, ये तू, तुला धुळीच्या डोंगरावर सायकल चालवायला नेतो," तेव्हा मला त्यातले काहीच पटले नाही. तरी गेलो. सायकल हा माझा लहानपणापासूनचा जीव.

भाचा लॉस एंजेलिसला असतो. तिथून उत्तरेला सुमारे 500 किलोमीटरवर, सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्व अंगाला मॅमथ माउंटन नावाचा डोंगर आहे. उंची 3,369 मीटर. आपल्या सत्तरी तालुक्यातला सोसोगड, गोव्यातला सर्वांत उंच डोंगर, बाराशे मीटरही भरत नाही. मॅमथवर हिवाळ्यात प्रचंड बर्फ पडते आणि लोक त्यावरून घसरत उतरतात. त्यांना वर नेण्यासाठी तिथे दोरावरचे पाळणे बसवले आहेत. हे सगळे उभे केले डेव्ह मॅकॉय यांनी. ते मूळचे लॉस एंजेलिसच्या पाणी खात्यातले माणूस. डोंगरावर किती बर्फ साठले, उन्हाळ्यात शहराला किती पाणी मिळेल, हे मोजत ते हिंडायचे. कुठल्या उतारावर बर्फ जास्त टिकते हे त्यांना त्या मोजणीतूनच कळले आणि 1955 साली त्यांनी तिथे पहिला खुर्चीचा पाळणा बसवला. 2020 साली ते वारले, तेव्हा वय 104 होते.

बर्फ वितळले की तेच पाळणे सायकली वर नेतात. खुर्चीच्या पाळण्यावर सायकल बाहेर लटकवतात. शिखरापर्यंत जाणारा बंद डब्यांचा पाळणा आहे, त्यात तुम्ही आणि तुमची सायकल एकत्र बसता. चढ नाहीच, फक्त उतार. ही सायकलसुद्धा वेगळी, पुढे-मागे जाडजूड शॉक अॅब्सॉर्बर, रुंद टायर, मोटरसायकलसारखे डिस्क ब्रेक. डोक्याला हनुवटीपर्यंत झाकणारे हेल्मेट, गुडघ्याला, कोपराला पॅड.

शिखरावर उतरलो आणि सायकल दहा पावले ढकलली, तर धाप लागली. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. मांडवीच्या पाण्याच्या पातळीला जन्म काढलेल्या छातीला ते लगेच समजते. पाच मिनिटे बसलो. बसल्या बसल्या हातात मूठभर माती घेतली.

श्रोतेहो, त्या मुठीला वजनच नव्हते. करडी, राखाडी, खरखरीत कणांची माती, पण हातात मुरमुरे घ्यावेत तशी हलकी. आपल्या न्हाणीघरात टाच घासायला जो हलका, भोकाभोकांचा दगड असतो, ती वजरी, तिचाच हा चुरा. तापलेला रस जमिनीच्या पोटातून वर येताना त्यावरचा दाब एकदम उतरतो आणि आत कोंडलेले वायू फुगतात. गोटी सोड्याची गोटी आत ढकलली की होते तसे. तो फेस तसाच गोठला की वजरीचा दगड होतो. पाण्यावर तरंगतो. तो सगळा मुलूखच ज्वालामुखीचा आहे. साडेसात लाख वर्षांपूर्वी तिथे इतका मोठा उद्रेक झाला की जमीन खचून प्रचंड खळगा तयार झाला, आणि जवळच्या विवरांतले अलीकडचे उद्रेक तर अवघे सहाशे-सातशे वर्षांपूर्वीचे. म्हणजे आपल्याकडे कदंबांची सत्ता मावळत होती, सुमारे त्या काळातले. सत्तरीच्या ईशान्य टोकाला दख्खनचा काळा पाषाण आहे, तोही ज्वालामुखीचाच, पण साडेसहा कोटी वर्षांचा. तो थंड होऊन, झिजून, त्यावर रान उगवून युगे लोटली. इथे मात्र धूळ अजून ताजी होती.

आता या धुळीवर सायकल कशी वागते ते सांगतो, कारण मला जे सांगायचे आहे ते त्यातच आहे.

खाली टणक जमीन आणि वर सुट्या कणांचा थर, म्हणजे ओट्यावर मोहरी सांडलेली असताना पाय ठेवणे. या मातीत चिकणमातीचा अंश नसल्यासारखाच, त्यामुळे कण एकमेकांना धरत नाहीत. उन्हाळ्यात तिथे पाऊस क्वचित. शेकडो चाके त्याच वाटेवरून जातात, कण आणखी भरडले जातात, आणि वळणावळणावर घोटाभर पीठ साचते. त्या पिठाखाली खडक आहे की मूळ, दिसत नाही.

तिसऱ्या वळणावर मी पडलो. वळण जवळ आले, मला वेग जास्त वाटला, आणि पुढचा ब्रेक दाबला. पुढचे चाक जणू कोणी बाजूला ओढून नेले. खांदा, मांडी, कोपर, सगळे धुळीत. भाचा खाली उतरून आला, आधी मला हातपाय हलवायला लावले, मग म्हणाला, "मामा, टायरकडे पकड ठरावीकच असते. ती थांबायला वापर नाहीतर वळायला वापर. दोन्ही एकदम मागितलीस तर तो देणार कुठून?"

हे वाक्य मी तेव्हापासून जपून ठेवले आहे. ब्रेक वळणाआधी, सरळ वाटेवर मारायचा. वळणात शिरताना सोडायचा. सायकल आत कलती करायची, पण स्वतःचे अंग तिच्याबरोबर आत झोकायचे नाही. बाहेरच्या बाजूचा पाय खाली, सगळा भार त्या पेडलवर, म्हणजे टायरच्या कडेचे दात थरात रुततात. कोपरे बाहेर, छाती थोडी पुढे, कारण भीतीने माणूस मागे सरकतो आणि मागे सरकला की पुढचे चाक हलके होऊन आणखी घसरते. नजर पुढच्या चाकावर नाही, वळण जिथे संपते तिथे. आणि चाक थोडे इकडेतिकडे सरकले तर सरकू द्यायचे. मला सर्वांत अवघड गेले ते हेच. हँडल घट्ट आवळून धरणाऱ्याला ती माती पाडते.

टायरमधली हवा 25 पीएसआयच्या आसपास ठेवली, म्हणजे टायर पसरून बसतो. तोंडाला रुमाल बांधला. पुढच्या स्वाराची धूळ खाली बसेपर्यंत थांबायचे, मगच निघायचे. संध्याकाळी सायकल पुसताना शॉक अॅब्सॉर्बरच्या चकचकीत नळीवर साचलेली धूळ भाच्याने मऊ फडक्याने हलकेच टिपली. वजरी टाच घासते तशी धातूही घासते.

याच डोंगरावर शिखरापासून थेट खाली 'कामिकाझे' नावाची शर्यत 1985 साली सुरू झाली. त्या काळच्या शॉक अॅब्सॉर्बर नसलेल्या सायकली, साधे ब्रेक, आणि वेग ताशी 95 किलोमीटरच्या आसपास. मी ती वाट पाहिली, त्या माणसांना मनापासून नमस्कार केला आणि दुसरी वाट धरली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच गेलो, तेव्हा वाटा दुरुस्त करणारी मंडळी दिसली. खोरी, फावडी, पाण्याच्या नळ्या. उताराची वळणे ते कललेल्या भिंतीसारखी बांधतात, त्यांवर पाणी मारून माती दाबतात, ब्रेकमुळे पडलेले खळगे भरतात. एक बाई गुडघ्यावर बसून हाताने वळणाची कड थापत होती, आपल्याकडे चुलीला पोतेरे फिरवतात तितक्या निगुतीने. पाणी मारलेल्या वळणावर टायर कसा धरून बसतो, हे मी त्या सकाळी अनुभवले. आणि मला आई आठवली. तीसुद्धा आयुष्यभर धुळीवर पाणीच मारत होती. फरक इतकाच की मॅमथवर धुळीवरून जाणारे तिची निगा राखण्याचे पैसे भरतात, आणि आमच्याकडे ट्रक कोणाचे, धूळ कोणाची आणि पाणी मारणारी कोण, याचा कधी हिशेबच झाला नाही.

त्याच डोंगराच्या पायथ्याशी हॉर्सशू नावाचे तळे आहे. काठाला पांढरी पडलेली, उभीच मेलेली झाडे. 1989 साली डोंगराखाली लहान लहान भूकंपांची मालिका झाली आणि जमिनीतून कार्बन डायऑक्साइड वर येऊ लागला. मुळे गुदमरली. पुढच्या वर्षीपासून झाडे मरू लागली, सुमारे 40 हेक्टरांतली. सावधगिरीचे फलक लावले आहेत. आपण ज्याच्या पाठीवर खेळतो तो डोंगर जिवंत आहे, हे तिथे कोणी लपवत नाही.

गोव्यात परतल्यावर काही तरुण मित्र म्हणाले, आपणही सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, अशा वाटा काढू. त्यांचा उत्साह मला समजतो, पण माझे मत विरुद्ध आहे आणि ते मी इथे उघड सांगतो. आपला जांभ्याचा सडा उन्हाळ्यात ओसाड दिसतो, पण श्रावण-भाद्रपदात त्यावर सीतेची आसवे आणि गेंद फुलतात. बोटभर मातीत. ती माती चाकाखाली एकदा गेली की पुन्हा साचायला पिढ्या लागतात. पावसाचे पाणी त्याच जांभ्यातून मुरत खालच्या झऱ्यांना येते आणि त्या झऱ्यांवर कुळागरे, म्हणजे आपल्या सुपारी-नारळाच्या बागा, उभी आहेत. शिवाय चार महिने कोसळणाऱ्या आपल्या पावसात उतारावर चाकाने पाडलेली चर पहिल्या आषाढातच ओहोळ होते. सायकल हवीच, पण जुन्या, मळलेल्या वाटांवर हवी. गावाला विचारून.

मी स्वतः आता ऑक्टोबरची वाट पाहतो. पाऊस सरतो, तांबडी माती अजून ओलसर असते, पण चिखल उरत नाही. तेव्हा तिच्यासारखी पकड मॅमथवरही मिळाली नव्हती. एप्रिलमध्ये हीच वाट बदलते. टणक जांभ्यावर लोखंडी, गोलसर बारीक खडे सुटे पडतात, वजरीपेक्षा कितीतरी जड, आणि चाक तसेच निसटते. मग मी वळणाआधी ब्रेक मारतो, वळणात सोडतो, बाहेरचा पाय खाली दाबतो.

परवाच शाळेतली दोन मुले मागे लागली, शिकवा म्हणून. देवळामागच्या उतारावर त्यांना घेऊन गेलो. धाकट्याने वळणात ब्रेक आवळला आणि बसला तांबड्या धुळीत. खरचटले फारसे नाही. त्याचा शर्ट पांढरा होता. मी तो झटकला, आणि म्हटले, "घरी जाऊन आईला सांग, 'आज मी धुवून देतो.'"

नमस्कार.