आपल्या व्याह्यांचं मूळ गाव कुठलं? स्कॉच-आयरिश घराण्यांचा माग काढताना

(मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण, वेबसाईटसाठी थोडं नीटनेटकं करून)

नमस्कार मंडळी. दरवर्षी या मेळाव्यात कुणीतरी आपल्याकडच्या इतिहासावर बोलतं. यावेळी मी कमिटीला म्हटलं, मला जरा इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या मातीतलं बोलू द्या, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात आता इथली सून नाहीतर इथला जावई आहे, आणि नातवंडं शाळेतून फॅमिली ट्रीचा प्रोजेक्ट घेऊन आली की आपली बाजू आपण भराभर सांगतो, गाव, कुलदैवत, गोत्र, काही घरांत तर छापलेला कुलवृत्तांतच कपाटात असतो, आणि दुसऱ्या बाजूला मात्र नुसतं "स्कॉच-आयरिश" लिहून मोकळे. माझे व्याही असेच आहेत. नॉर्थ कॅरोलिनातल्या आपल्या शार्लटच्या आसपासच्या जुन्या घरांत सोयरीक झाली असेल तर तुमचेही तसेच निघायची शक्यता बरीच. रिटायर झाल्यावर मी त्यांच्या घराण्याच्या मागे लागले, म्हणजे कागदोपत्री हो, गैरसमज नको.

आधी हे लोक कोण ते पटकन. १६०७ मध्ये आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर भागातले गेलिक, म्हणजे मूळचे आयरिश सरदार देश सोडून गेले, इंग्लंड-स्कॉटलंडचा राजा जेम्स याने त्यांच्या जमिनी खालसा केल्या आणि १६०९ पासून तिथे स्कॉटलंड-इंग्लंडमधली प्रॉटेस्टंट कुटुंबं आणून वसवायला सुरुवात केली. १६९० च्या दशकात स्कॉटलंडात दुष्काळ पडला, तेव्हा आणखी मोठा लोंढा आला. हे बहुतेक प्रेस्बिटेरियन, म्हणजे स्कॉटलंडातल्या प्रॉटेस्टंट पंथाचे, आणि आयर्लंडात सरकारी चर्च अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या पंथाचं, त्यामुळे कॅथलिकांच्या जमिनीवर बसूनसुद्धा हे स्वतः दुय्यमच. १७०४ च्या कायद्याने सरकारी पदं बंद, त्यांच्या पाद्र्याने लावलेलं लग्न कायद्याला धड मान्य नाही, आणि वर दुसऱ्यांच्या चर्चला दशांश द्यायचा. त्यातच जुने स्वस्तातले भाडेपट्टे संपत आले आणि जमीनदारांनी खंड वाढवला. १७१८ ला पहिला मोठा जथा अमेरिकेत बोस्टनला उतरला, आणि मग १७७५ पर्यंत लाटांमागून लाटा. एकूण किती आले याचे अंदाज एक लाखापासून अडीच लाखापर्यंत आहेत. अंदाजच, कारण मोजलं कुणीच नाही, आणि आपली सगळी अडचण तिथेच सुरू होते.

प्रत्येकाला पहिल्यांदा काय हवं असतं? बोटीचं नाव. आमच्या विहीणबाईंनाही तेच हवं होतं. पण अल्स्टरचे लोक ब्रिटिश राजाचे प्रजाजन, ते राजाच्याच एका मुलखातून दुसऱ्या मुलखात येत होते, मग त्यांची नोंद करायची कुणाला गरज? जर्मन लोक परके, म्हणून पेनसिल्व्हेनियात १७२७ पासून त्यांच्याकडून शपथा घेतल्या आणि त्या याद्या आजही आहेत. यांच्या नाहीत. अमेरिकेत सगळ्या बंदरांवर प्रवाशांच्या याद्या ठेवायचा कायदा आला तो १८१९ चा, तोवर ही अल्स्टरची मंडळी येऊन शंभर वर्षं झालेली. त्यामुळे "आमचे पूर्वज अमुक बोटीने १७३५ ला आले" असं कुणी ठामपणे सांगितलं की मी पहिल्यांदा कागद मागते. "तीन भाऊ बोटीतून आले, एक उत्तरेला गेला, एक दक्षिणेला, तिसऱ्याचा पत्ता नाही" ही कथा तर निम्म्या घराण्यांत आहे. तसंच "आमची पणजी चेरोकी या इथल्या मूळ जमातीची राजकन्या होती" या कथेचं. आणि ते कोट ऑफ आर्म्स, म्हणजे घराण्याचं मानचिन्ह छापलेले चहाचे मग, ते चहापुरते ठीक आहेत.

बोटी मात्र का येत होत्या ते ऐकण्यासारखं आहे. अल्स्टरचं पोट लिननवर. आपण ज्या जवसाची चटणी करतो त्याच्याच रोपाच्या देठातून लिननचा धागा निघतो, पण मऊ धागा हवा तर बी पिकायच्या आत रोप उपटावं लागतं, म्हणजे पुढच्या वर्षी पेरायला बी नाही. ते बी यायचं अमेरिकेतून, मुख्यतः फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कहून. बोटी जवसाचं बी घेऊन तिकडच्या डेरी, बेलफास्ट, न्यूरी या बंदरांना जायच्या आणि परत येताना रिकाम्या कशाला यायचं म्हणून माणसं भरायच्या. म्हणून यातले इतके जण फिलाडेल्फिया नाहीतर डेलावेअरच्या न्यूकॅसलला उतरले. बेलफास्ट न्यूज-लेटर हा पेपर १७३७ पासून निघतोय, त्यात या बोटींच्या जाहिराती सापडतात, बोट कुठली, कॅप्टन कोण, कधी सुटणार. प्रवाशाचं नाव नाही, पण हंगाम आणि बंदर कळतं, तेही काही कमी नाही.

पुढचा रस्ता तुम्ही गाडीने कितीदा केला असेल. फिलाडेल्फियाहून लँकेस्टर, यॉर्क, मग शेननडोआ व्हॅलीतून विंचेस्टर, स्टॉन्टन, खाली रोनोक, सॉल्झबरी आणि आपलं शार्लट. आज आय-८१ हायवेवरून जाताना उजवी-डावीकडे जी गावं लागतात त्यातली किती तरी यांनीच वसवलेली. पेनसिल्व्हेनियाचा सेक्रेटरी जेम्स लोगन, जो स्वतः अल्स्टरमधल्या लर्गनचा, त्याने आधी यांना सरहद्दीवर मुद्दाम वसवलं, मूळ रहिवाशांसमोर आडोसा म्हणून, आणि मग तोच वैतागून लिहू लागला की आयर्लंडच्या पाच कुटुंबांचा जेवढा त्रास तेवढा इतर पन्नासांचा नाही. आपल्याच गाववाल्याबद्दल अशी तक्रार करायची सवय जुनीच दिसते.

आता माग कसा काढायचा. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की आयर्लंडात उडी मारू नका. समुद्र सगळ्यात शेवटी ओलांडायचा. तिकडे ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये स्फोट आणि आग होऊन सरकारी दफ्तरखाना जळाला, मृत्युपत्रं, चर्चच्या नोंदवह्या, जुन्या जनगणना, बहुतेक सगळं गेलं. बेलफास्टच्या अर्काइव्हमध्ये उरलेलं बरंच आहे, १७४० ची प्रॉटेस्टंट घरांची यादी, १७६६ च्या धार्मिक गणतीच्या नकला, पण त्यात नुसतं कुटुंबप्रमुखाचं नाव आणि पॅरिश, म्हणजे चर्चचा विभाग. जॉन थॉम्पसन अशी दहा नावं सापडतील, त्यातला तुमचा कुठला? हे ठरवायचं तर त्या जॉनचे शेजारी आधी माहीत हवेत, आणि शेजारी सापडतात इकडच्या कागदांत.

हे लोक एकेकटे हललेच नाहीत. अख्खं चर्च, सोयरे, भाऊबंद असे मिळून अल्स्टरहून पेनसिल्व्हेनियात, तिथून व्हर्जिनियात, तिथून इथे. म्हणून जमिनीचा दस्त हातात आला की त्यातली चतुःसीमा वाचा, पूर्वेला कोण, ओढ्यापलीकडे कोण, साक्षीला कोण, आणि मोजणीच्या कागदावर साखळी धरणारे दोघे कोण, ते बऱ्याचदा मेहुणा नाहीतर पोरगाच निघतो. या सगळ्यांची नावं घेऊन ते ज्या काउंटीतून, म्हणजे जिल्ह्यातून आले तिथल्या कागदांत जायचं. तीच पाच-सहा आडनावं तिथे एकत्र दिसली की रस्ता बरोबर आहे. फॅमिलीसर्च ही साईट फुकट आहे आणि आता तिथे हस्ताक्षरातल्या जुन्या दस्तांमध्ये नाव टाकून शोधता येतं, त्यामुळे इंडेक्समध्ये कधी न येणारा साक्षीदारसुद्धा वर येतो. स्पेलिंगचा हट्ट धरू नका. कारकुनाला जे ऐकू आलं ते त्याने लिहिलं, एकाच दस्तात एकच आडनाव दोन प्रकारे असतं. आणि आपल्यासारखं मध्ये वडिलांचं नाव लावायची पद्धत नाही, वर नातवाला आजोबांचं नाव, त्यामुळे एका ओढ्याकाठी तीन-तीन सॅम्युएल.

कोर्टाच्या वह्या कंटाळवाण्या दिसतात पण सोनं तिथे आहे. व्हर्जिनियात ऑरेंज काउंटीच्या कोर्टात १७३९-४० च्या सुमारास कितीतरी जणांनी उभं राहून सांगितलं की मी, माझी बायको, अमुक अमुक पोरं स्वखर्चाने आयर्लंडहून फिलाडेल्फियामार्गे इथे आलो. का सांगितलं? माणशी ५० एकर जमीन मिळायची म्हणून. प्रवाशांच्या यादीच्या सगळ्यात जवळ जाणारा कागद तो. साऊथ कॅरोलिनाने १७६१ नंतर गरीब प्रॉटेस्टंटांना बोटीचं भाडं द्यायची स्कीम काढली, त्यातली नावं आणि एकर कौन्सिलच्या वह्यांत आहेत. अनाथ म्हणून पोराची नोंद दिसली तर आई मेली असं धरू नका, बाप नसला की झालं अनाथ. चौदा वर्षांचा मुलगा स्वतःचा पालक निवडू शकायचा, म्हणजे निवडला की वय कळलं. व्हर्जिनियात सोळाव्या वर्षी मुलगा करपात्र. बाप मृत्युपत्र न करता गेला तर १७८० च्या दशकापर्यंत जमीन थोरल्याला, म्हणून "कायदेशीर वारस" म्हणून एकटाच जमीन विकणारा दिसला की तो थोरला. जन्मदाखला नसताना माणसाचा जन्म असा कोपऱ्यात गाठायचा. आणि १७५२ पर्यंत वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे फेब्रुवारी १७४० म्हणजे आपल्या हिशेबाने १७४१. बाळ लग्नाआधी जन्मलेलं दिसलं की आधी हे तपासा, मग कुजबुजा.

बायकांचं काय? फार वाईट अवस्था. नवऱ्याने जमीन विकली की बायकोला बाजूला घेऊन "तुझी खरंच संमती आहे ना" असं विचारायचे, तिथे तिचं नाव एकदा येतं. माहेरचं आडनाव बापाच्या मृत्युपत्रात सापडलं तर सापडलं. रेव्हरंड जॉन क्रेगने ऑगस्टा काउंटीत १७४० ते १७४९ बाप्तिस्म्यांची वही ठेवली, ती टिकली आहे, पण तिथेही मुलाच्या नावापुढे बहुतेक बापच. अहो, राष्ट्राध्यक्षाच्या आईची ही गत. अँड्र्यू जॅक्सनचे आईवडील १७६५ ला कॅरिकफर्गसहून आले, इथे खाली वॅक्सहॉच्या वस्तीत राहिले, आणि ते तिथे का आले तर आईच्या बहिणी आधीच तिथे होत्या. शेजारी बघा म्हणते ते हेच. १७६७ मध्ये तो जन्मायच्या आधीच बाप गेला. जन्म नक्की कुठे, नॉर्थ की साऊथ कॅरोलिनात, यावर दोन्ही राज्यं अजून भांडतात, कारण तिथली सीमा तेव्हा नीट आखलेलीच नव्हती. आई १७८१ मध्ये चार्ल्सटनला स्वातंत्र्ययुद्धातल्या कैद्यांची शुश्रूषा करताना आजारी पडून गेली, तिची कबर कुठे ते ठाऊक नाही.

सीमेचं तुम्हालाही नडणार. जमीन जागची हलत नाही पण काउंटी बदलते. आज जे कबॅरस किंवा युनियन आहे त्याचे जुने कागद मेक्लेनबर्गमध्ये, १७६२ च्या आधीचे अॅन्सनमध्ये, त्याच्याही आधी ब्लेडन. साऊथ कॅरोलिनातल्या यॉर्कच्या जमिनींचे जुने दस्त १७७२ पर्यंत नॉर्थ कॅरोलिनाचे, म्हणजे साऊथच्या राजधानीत कोलंबियाला नाही मिळाले तर नॉर्थच्या राजधानीत रॅलीला शोधायचे.

डीएनएबद्दल सगळे विचारतात म्हणून एवढंच, बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय क्रोमोसोमची टेस्ट आडनावाबरोबर चालते, म्हणून ती कामाची, व्याह्यांची करून घ्या. साधी टेस्ट सहा-सात पिढ्यांमागे फार धूसर होते आणि तो टक्केवारीचा नकाशा मला तरी करमणूकच वाटतो.

एक गोष्ट व्याह्यांना सांगताना मला जड गेली. मृत्युपत्रांत गुरंढोरं, नांगर, बायबल यांच्या ओळीतच गुलामांची नावं येतात. आणि डिसेंबर १७६३ मध्ये पेनसिल्व्हेनियात पॅक्स्टनच्या याच लोकांनी कोनेस्टोगा जमातीची वीस निःशस्त्र माणसं मारली, त्यातली चौदा तर लँकेस्टरच्या सरकारी आसऱ्यात घुसून. यातलं काही गाळून वंशावळ छापायची तर त्यापेक्षा तो कोट ऑफ आर्म्सचा चहाचा मग विकत घेतलेला बरा. ती नावं उतरवा, त्यांचे वंशजही आज शोधताहेत आणि त्यांना तोच कागद लागतो.

इथलंच उदाहरण घ्या. फोर्ट मिल, रॉक हिलला आपल्यातली कितीतरी घरं आहेत. ती जमीन १७६३ च्या तहाने कटॉबा या इथल्या मूळ जमातीच्या लोकांसाठी राखलेली, पंधरा मैल लांब पंधरा मैल रुंद. स्कॉच-आयरिश शेतकरी तिथे आले ते कटॉबांची कुळं म्हणून, लांब मुदतीचे भाडेपट्टे, बरेचसे ९९ वर्षांचे, आणि त्या खंडाच्या नोंदवह्या आहेत. पट्टा संपला, खंड वाढला म्हणून ज्यांनी अल्स्टर सोडलं त्यांचेच नातू इथे मूळ मालकांना खंड देत होते, आणि १८४० मध्ये साऊथ कॅरोलिना राज्याने तह करून ती सगळी जमीन घेतली, बदल्यात कबूल केलेले पैसे धड दिलेच नाहीत. कटॉबांनी ते प्रकरण कोर्टात नेलं आणि १९९३ मध्ये पाच कोटी डॉलरला तडजोड झाली. त्या वह्यांत तुमच्या व्याह्यांचं आडनाव निघालं तर मला फोन करा, पानाचा फोटो पाठवा, माझ्याकडे त्या ओढ्यांचे नकाशे आहेत, शेजारी कोण ते बसून बघू.