टेपमधली लाल बस

मंडळी, वाजवून दाखवण्याआधी एक कबुली देतो. पुण्याच्या बसचे जे काही आवाज माझ्याकडे आहेत, त्यांतला सगळ्यात टुकार आवाज मी मोठ्या तयारीनं टेप केलेला आहे.

गोष्ट पीएमटीच्या, म्हणजे पुणे महापालिकेच्या बससेवेच्या काळातली. १९५० साली महापालिकेनं बस चालवायला घेतल्या, त्याआधी सिल्व्हर ज्युबिली या खासगी कंपनीच्या गाड्या होत्या, हे पहिल्या रांगेला मी सांगायला नको. २००७ मध्ये पिंपरी-चिंचवडची सेवा मिसळून पीएमपीएमएल झाली, तरी आपल्या तोंडून 'पीएमटी' काही सुटत नाही.

तर, मामाचा कॅसेट रेकॉर्डर मागून आणला, स्वारगेटला कात्रजची गाडी पकडली आणि ड्रायव्हरशेजारच्या इंजिनाच्या झाकणावर तो ठेवून दिला. इंजिनाचा आवाज पाहिजे ना, मग इंजिनावरच ठेवू! घरी येऊन ऐकतो तर पिठाची गिरणी.

कारण साधं होतं. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, गाडी थांबलेली असताना मिनिटाला साधारण ६०० फेरे घेतं. एका फेऱ्यात तीनदा डिझेल पेटतं, म्हणजे सेकंदाला तीस ठोके. हा इतका खालचा आवाज कानापेक्षा बाकाला टेकलेल्या पाठीला जास्त कळतो. तुमच्या मोबाईलच्या इवल्या स्पीकरमधून तर तो बाहेरच पडत नाही. त्यात तो रेकॉर्डर आवाजाची पातळी आपली आपण ठरवणारा. झाकणाच्या थरथरीनं तो इतका दबला की कंडक्टरची घंटीसुद्धा त्यात बुडाली.

चार दिवसांनी पुन्हा गेलो. या वेळी जागा मिळाली शेवटच्या बाकावर. रेकॉर्डर कापडी पिशवीत, पिशवी मांडीवर, आणि गर्दीत मी त्याचं बटण दाबलंय हेच विसरलो. तीच ही टेप.

आता धनकवडीचा चढ नीट ऐका. इंजिन हळूहळू दमत जातं, मग अचानक गप्प. क्षणभर काहीच नाही. मग एक छोटी गुरगुर, खट्, आणि गाडी वरच्या सुरात रडायला लागते. या गाडीच्या गिअरबॉक्सला सिंक्रोमेश, म्हणजे गिअरच्या दात्यांचा वेग आपोआप जुळवणारी सोय, नव्हती. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरचा एक टोला, पुन्हा क्लच, मग खालचा गिअर. टोला कमी पडला तर दाते करकरायचे आणि अख्खी बस ड्रायव्हरकडे बघायची. या साहेबांचा एकही गिअर करकरत नाही. मी त्यांचा चेहरा पाहिलेला नाही, पण हात मात्र ओळखतो.

इंग्लंडात पीटर हँडफर्ड नावाचे गृहस्थ वाफेच्या इंजिनांचे आवाज टिपत हिंडायचे, त्याच्या तबकड्या निघाल्या. सिनेमातल्या ध्वनीसाठी त्यांना पुढे ऑस्करही मिळालं. आपल्याकडे मात्र टेप ही लग्नाची नाहीतर भीमसेनजींची. बस आलीच तर खिडकीतून, नको असताना.

जुनं ते सोनं म्हणायला मी आलेलो नाही. त्या गाड्यांचा धूर मी भरपूर खाल्लाय. सीएनजीत डिझेलची ती खडखड नाही, कारण तिथं ठिणगीनं जाळ लागतो. २०१९ पासूनच्या इलेक्ट्रिक गाड्या तर जवळ येईपर्यंत कळत नाहीत. पण त्यांचाही आवाज आत्ताच टिपा, आणि कृपा करून मोटरवर मोबाईल ठेवू नका. मागच्या दाराशी उभे राहा.

कारण माझ्या टेपमधली मजा तिथलीच आहे. 'पुढे सरका, पुढं मोकळं आहे' (मोकळं कधीच नसायचं), तिकिटाचा पंच दांडीवर कटकट वाजवत येणारा माणूस, मध्येच खिडक्यांच्या काचांचा खुळखुळाट, थांब्याला एक घंटी आणि सुटताना टिंग-टिंग. एक बाई सुट्ट्या पैशांवरून जे काही बोलतात, ते मी इथे आवाज कमी करून वाजवतो.

शेवटी पंच अगदी जवळ येतो. माझा आवाज, 'एक कात्रज.' मग थोडी शांतता. कंडक्टरनी पिशवीत डोकावलं असणार.

'हे काय आहे?'

'टेपरेकॉर्डर.'

'चालू आहे का?'

'…हो.'

'मग याचं लगेज लागेल.'