स्टेज घरी दिसतं, गर्दी दिसत नाही

हा आवाज ऐका जरा. स्टेडियम खच्चून भरलंय असंच वाटतंय ना? आणि आता खुर्च्या बघा, एकूण एक रिकाम्या. जून 2020 मध्ये इंग्लंडची फुटबॉलची प्रीमियर लीग परत सुरू झाली, कोविडमुळे प्रेक्षकांना आत सोडत नव्हते, तेव्हा टीव्हीवर मॅचच्या मागे व्हिडिओ गेमसाठी रेकॉर्ड केलेला गर्दीचा आवाज लावायचे. खेळाडू तेच, बॉल तोच, कॅमेरे तसेच, पण तो आवाज बंद केला की सोफ्यावर बसलेल्या माणसालाही ती मॅच नेट प्रॅक्टिससारखी वाटायला लागायची. म्हणजे आपण घरी बसून जी मजा घेतो ना, त्यातली निम्मी तिकडे उन्हात उभे राहिलेले लोक आपल्याला देत असतात. मग आपण मॅचला, कार्यक्रमाला प्रत्यक्ष जायचं की नाही?

मी आधी एक गोष्ट स्पष्टच सांगतो, नीट बघायला मिळावं म्हणून जाणार असाल तर नका जाऊ. खरंच. कॅमेरा स्टेजपासून 2 फुटांवर असतो आणि तुमच्यापुढे कोणाचं तरी डोकं असतं. आवाजाचंही तेच, तो सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे तुम्ही 170 मीटर मागे उभे असाल तर ड्रमवर पडलेली काठी आधी दिसणार आणि ठोका अर्ध्या सेकंदाने ऐकू येणार, म्हणून तर मोठ्या मैदानात मध्ये मध्ये स्पीकरचे टॉवर असतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात. ऑगस्ट 1969 चं अमेरिकेतलं वुडस्टॉक हे संगीत संमेलन घ्या, 4 लाखांहून जास्त लोक आले होते, पाऊस, चिखल, रस्ते जाम, आणि शेवटी गिटारवादक जिमी हेंड्रिक्स स्टेजवर आला तो थेट सोमवारी सकाळी, तोपर्यंत बहुतेक लोक घराच्या वाटेला लागलेले. त्याचं ते वाजवणं आज जगाला माहितीये ते कॅमेऱ्यामुळे, आणि तिथे प्रत्यक्ष गेलेल्यातल्या बहुतेकांनी ते पाहिलंच नाही.

तरीही मी म्हणतो जा.

कारण आपण तिकडे जातो ते बघायला नाही, असायला जातो. 1912 मध्ये एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने लिहिलं होतं की माणसं एकत्र जमून एकच गोष्ट करायला लागली की त्यांच्यात एक उसळी येते, जी एकट्या माणसात कधीच येत नाही. आता हे वाचायला छान वाटतं, पण मोजणार कसं? तर मोजलंय. स्पेनमध्ये सान पेद्रो मान्रिके नावाचं छोटं गाव आहे, तिथे दरवर्षी जूनमध्ये निखाऱ्यांवरून चालतात. संशोधकांनी चालणाऱ्यांना आणि बघणाऱ्यांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावली, 2011 मध्ये ते प्रसिद्ध झालं. निखाऱ्यांवर जो चालत होता त्याचे ठोके ज्या लयीत वर-खाली होत होते त्याच लयीत नुसत्या बसून बघणाऱ्या त्याच्या नातेवाईकांचे आणि मित्रांचे ठोके चालले होते, हातात हात नाही, एकमेकांना स्पर्श नाही, काही नाही. आणि त्याच गर्दीत बसलेल्या परक्या पाहुण्यांच्या बाबतीत मात्र तसं झालं नाही. मला यातला हा शेवटचा भाग फार महत्त्वाचा वाटतो. नुसतं तिथे हजर असून भागत नाही, समोर जे चाललंय त्यात आपलं कोणीतरी असावं लागतं, किंवा निदान ती गोष्ट आपली वाटावी लागते. सगळे चाललेत म्हणून गेलेला माणूस थकून परत येतो आणि म्हणतो काय होतं त्यात, आणि तो खोटं बोलत नसतो.

आता दुसरी बाजू, आणि इथे मला घाईने पुढे जायचं नाहीये.

एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन डोळ्यासमोर आणा. त्यात 2-3 माणसं आरामात उभी राहतात. 5 झाली की सावध व्हा. 7 झाली की गर्दी पाण्यासारखी वागायला लागते, असं जॉन फ्रुइन या गर्दीचा अभ्यास करणाऱ्या इंजिनिअरने कधीच लिहून ठेवलंय, म्हणजे मग तुम्ही चालत नाही, तुम्ही वाहता, आणि मागून आलेला दाब लाटेसारखा पुढे जातो. आपण बातम्यांमध्ये चेंगराचेंगरी शब्द ऐकतो आणि वाटतं लोक पळाले, तुडवले गेले. बऱ्याचदा असं काही नसतं हो. माणसं उभ्या उभ्या जातात, छातीवर इतका दाब येतो की श्वास आत घ्यायला जागाच उरत नाही.

29 ऑक्टोबर 2022, दक्षिण कोरियाची राजधानी सोल, तिथला इतेवॉन भाग, हॅलोविनची गर्दी. जेमतेम 3 मीटर रुंद उतरती गल्ली. 159 जीव गेले. आणि पोलिसांना धोक्याचा पहिला फोन संध्याकाळी 6 वाजून 34 मिनिटांनी आला होता, म्हणजे दुर्घटनेच्या जवळजवळ 4 तास आधी. त्या गर्दीला अधिकृत आयोजकच नव्हता, त्यामुळे माणसं मोजणार कोण, गल्ली एकेरी करणार कोण, हे कोणीच ठरवलं नव्हतं. मला याचा राग येतो, अजूनही येतो. ती पोरं मजा करायला गेली होती, त्यांचं काहीही चुकलं नव्हतं.

मी स्वतः एकदा अडकलोय. कार्यक्रम संपला, बाहेर पडायला एकच गेट उघडं, आणि माझे पाय 2-3 सेकंद जमिनीला लागत नव्हते. एका बाईने तिचं लहान मूल डोक्यावर धरलं आणि लोकांनी ते हातोहात कडेला पोचवलं, कोणी कोणाला ओळखत नव्हतं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की हे नवल नाही, जॉन ड्रुरी हे मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं हेच सांगतायत की संकटात गर्दी वेडी होत नाही, बहुतेक लोक मदतच करतात.

म्हणून जाताना एवढं करा. आत शिरलात की आधी बाहेरचे रस्ते बघून ठेवा, ज्या गेटने आलो ते सोडून दुसरं कुठलं ते. दोन्ही खांद्यांना माणसं टेकायला लागली आणि हात चेहऱ्यापर्यंत नेता येईना तर तिथूनच निघा, आवडतं गाणं चालू असलं तरी निघा. अडकलातच तर हात छातीपुढे धरा, मागे रेटू नका, दाब सैल झाला की तिरकं तिरकं गर्दीच्या कडेला सरका, पण भिंतीपासून लांब राहा. कानात घालायचे बोळे न्या, 100 डेसिबलला कानांना सुरक्षित वेळ फक्त 15 मिनिटं आहे.

मोबाईलचं म्हणाल तर एक-दोन फोटो काढा आणि खिशात ठेवा. लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञांनी म्युझियममध्ये प्रयोग केला होता, ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले त्या त्यांना कमी आठवल्या, नुसत्या बघितलेल्या जास्त.

आता शेवटचं फुटेज. नाटक संपलंय, टाळ्या चालू आहेत, प्रत्येकाची आपापली, नुसता कडकडाट. थांबा. आत्ता. ऐकलंत? सगळ्यांच्या एकदम पडायला लागल्या. कोणी इशारा केला नाही. 2000 मध्ये संशोधकांनी हे मोजलं, एका तालात यायला लोक नकळत टाळ्यांचा वेग जवळजवळ निम्मा करतात, त्यामुळे एकूण आवाज उलट कमी होतो. मग कोणालातरी वाटतं जोरात वाजवाव्यात, वेग वाढतो, ताल तुटतो, परत कडकडाट. हे बघा, तुटला. आणि आता परत जुळतोय. तिसऱ्या रांगेतले ते आजोबा बघा, त्यांना स्टेज दिसत नाहीये, पुढे सगळे उभे आहेत, आणि ते डोळे मिटून वाजवतायत.