पापणीच्या ऑपरेशननंतर उतरलेली सूज पुन्हा चढली तर?

नमस्कार. लग्नसराई जवळ आली की तुमचा हमखास प्रश्न येतो, "डॉक्टर, पापणीवरची लोंबणारी कातडी काढून घेऊ का?" ऑपरेशन छोटं, टाके आठवड्याभरात निघतात. पापणीला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून इन्फेक्शन क्वचितच होतं. मला त्या क्वचितबद्दलच बोलायचंय.

सूज पहिले दोन-तीन दिवस असते, दोन्हीकडे साधारण सारखी, मग उतरू लागते. उतरलेली सूज परत चढली, तर ती ऑपरेशनची सूज नाही.

माझी मावशी नागपूरच्या महाल भागात राहते. ऑपरेशन बाहेरगावी झालं. चौथ्या दिवशी फोनवर म्हणाली, "सूज तर असतेच ना गं." मीही "हो" म्हणाले, याचं मला आजही वाईट वाटतं. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर उजवी पापणी वांग्याच्या सालीसारखी, ताणलेली, तुकतुकीत. डोळा चारी दिशांना फिरत होता, म्हणजे इन्फेक्शन पापणीतल्या पडद्याच्या अलीकडेच होतं. शिरेतून अँटिबायोटिक दिलं, बरी झाली. पडद्यापलीकडे गेलं की डोळा पुढे येतो, एकाचे दोन दिसतात, नजरही जाऊ शकते.

स्ट्रेप्टोकोकस जंतूचा एक प्रकार तर कातडीखालचे थर सडवत तासातासाला पसरतो. सुरुवातीला दिसतं थोडं, ठणकतं फार. कातडी काळी-जांभळी पडायची वाट बघू नका.

म्हणून रोज सकाळी त्याच खिडकीपाशी फोटो काढा. आजची सूज कालच्यापेक्षा जास्त? एकाच डोळ्याची वाढतेय? लगेच फोन करा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. मग मलम पुसून, एकेक डोळा झाकून, कॅलेंडरवरची बारीक तिथी वाचा. काल वाचता आली, आज नाही, तर थेट इमर्जन्सीत जा.

कमेंटमध्ये एका ताईंनी लिहिलंय, "मेडिकलमधून ड्रॉप आणले, लाली गेली." ताई, त्यात स्टेरॉइड असेल तर लाली जाते, जंतू आत वाढत राहतो. कृपया बंद करा आणि आजच दाखवा.

डायबेटिस असेल तर आधी साखर आटोक्यात आणा. 2021 मध्ये काळ्या बुरशीनं आपल्या नागपुरात साखर वाढलेल्या रुग्णांचं काय केलं, ते आपण पाहिलंय.

आणि स्कूटीवर तोंडाला करकचून बांधलेला दुपट्टा टाके निघेपर्यंत नको. घामानं भिजतो, धूळ धरतो, नेमका टाक्यांवर घासतो. उन्हात निघायचंच असेल तर मोठा गॉगल लावा आणि ऑटोनं जा.