एकच गोल: सिल्केबोर्ग विरुद्ध एजीएफ, 2024

[दृश्य: ग्रेट बेल्टचा पूल, वरून]

9 मे 2024, गुरुवार. येशूच्या स्वर्गारोहणाचा सण. ईस्टरच्या रविवारनंतर 39 व्या दिवशी येतो, म्हणून तारीख दरवर्षी हलते, वार मात्र गुरुवारच. डेन्मार्कमध्ये ही सार्वजनिक सुट्टी. फुटबॉलच्या राष्ट्रीय चषकाचा अंतिम सामना अलीकडे बहुतेक वेळा याच दिवशी असतो, कोपनहेगनच्या पार्केन स्टेडियमवर.

त्या वर्षी समोरासमोर आलेले दोन्ही संघ शेजारशेजारचे. ऑर्हूसचा एजीएफ आणि सिल्केबोर्ग. दोन्ही गावं युटलंड द्वीपकल्पात, एकमेकांपासून जेमतेम 45 किलोमीटरवर. पण चषकासाठी दोघांनाही जावं लागतं राजधानीला, रस्त्याने तीनशेहून जास्त किलोमीटर.

आधी युटलंडमधून दक्षिणेकडे, मग लिटल बेल्टची सामुद्रधुनी ओलांडून फ्यून बेटावर, आणि न्यूबोर्गजवळून ग्रेट बेल्टवर. ही सामुद्रधुनी पार करायला 18 किलोमीटर लागतात. पश्चिमेचा पूल, मधलं स्प्रोगो नावाचं छोटं बेट आणि पूर्वेचा झुलता पूल. त्याच्या दोन मनोऱ्यांमधलं अंतर 1,624 मीटर, मनोऱ्यांची उंची 254 मीटर. टोलनाका पलीकडे, झीलंडच्या बाजूला; कोपनहेगन याच बेटावर. वारा वाढला की आधी हलक्या, वाऱ्याला दबणाऱ्या वाहनांना अडवतात; फारच वाढला तर पूल बंद. रेल्वेला पूर्वेकडे ही भीती नाही, ती समुद्राखालच्या बोगद्यातून जाते. ऑर्हूसकरांना आणखी एक वाट आहे: थेट झीलंडला जाणारी वेगवान फेरीबोट, सव्वा तासाच्या आसपास.

[दृश्य: पार्केनबाहेरची गर्दी. एकीकडे पांढरे शर्ट, दुसरीकडे लाल.]

पांढरे ते एजीएफचे. क्लबची स्थापना 1880 ची. 1955 साली हा चषक पहिल्यांदा खेळला गेला आणि तो यांनीच जिंकला. एकूण 9 वेळा. पण नववा 1996 चा, आणि तोवर लीगचं शेवटचं विजेतेपद 1986 चं. ऑर्हूस हे देशातलं दुसरं मोठं शहर. एवढ्या मोठ्या शहराने एवढी वर्षं रिकाम्या हाताने काढावीत, हे खरोखर जड होतं.

लाल ते सिल्केबोर्गचे. तळ्यांकाठचं, कागद गिरणीभोवती वाढलेलं गाव, वस्ती पन्नास हजारांच्या घरात. तोवर चषक एकदाच, 2001 मध्ये. 2018 च्या अंतिम सामन्यात ब्रॉन्बीकडून 3-1 ने हार.

[दृश्य: बुटांचे तळवे, जवळून]

सिल्केबोर्गच्या घरच्या मैदानावर कृत्रिम गवत आहे. पार्केनवर खरं. हा फरक बुटाच्या तळव्यापासून सुरू होतो. कृत्रिम गवतासाठीच्या बुटांना आखूड आणि संख्येने जास्त खिळे असतात, म्हणजे भार पसरतो आणि पाय अडकत नाही. तेच बूट ओल्या मातीत घातले तर पकड मिळत नाही, वळताना पाय सरकतो. मग लांब खिळ्यांचे बूट काढावे लागतात. चेंडूचंही तसंच. कृत्रिम गवतावर तो सरळ आणि एकसारखा घरंगळतो; खऱ्या, कोरड्या गवतावर मंदावतो. रोजच्या सवयीच्या जोराने दिलेला पास हातभर आधीच थांबतो, आणि समोरचा बचावपटू पुढे सरून तो कापतो. सामन्याआधी मैदानावर पाणी मारतात ते यासाठीच. छोट्या पासांवर जगणाऱ्या संघाला या गोष्टी बारीक नसतात.

सिल्केबोर्गचे तेव्हाचे प्रशिक्षक केंट निल्सन, 1992 चा युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, जिंकलेल्या डॅनिश संघातले. 2014 मध्ये यांच्याच हाताखाली ऑलबोर्गच्या संघाने लीग आणि चषक दोन्ही जिंकले होते. समोर एजीएफचे तेव्हाचे प्रशिक्षक उवे रोस्लर. त्यांची रचना बहुतेकदा मागे तीन सेंटर-बॅक (मधले बचावपटू) आणि दोन बाजूंना विंग-बॅक (कडेने बचाव आणि हल्ला दोन्ही करणारे) अशी असायची. अशा भिंतीतून मधून घुसणं कठीण, म्हणून हल्ला बाजूने करावा लागतो. हल्ला करणाऱ्या संघाचा फुल-बॅक (कडेचा बचावपटू) मागून धावत आला की विंग-बॅकला ठरवावं लागतं: त्याला धरायचं की पुढच्या विंगरला, म्हणजे कडेच्या आक्रमकाला. तेवढ्या एका क्षणाच्या उशिरात जागा मोकळी होते.

[दृश्य: गोल, मग जल्लोष]

सामन्यातला एकमेव गोल ऑलिव्हर सॉन्नेचा. मूळचा उजव्या बाजूचा बचावपटू. जन्म डेन्मार्कचा, पण आजीच्या नात्याने पेरूकडून आंतरराष्ट्रीय फुटबॉल खेळणारा. त्यामुळे या गोलची बातमी पेरूच्या राजधानीत, लिमालाही पोचली.

उपांत्य फेरी दोन सामन्यांची असते, तिथे पहिल्या दिवशीची चूक दुसऱ्या दिवशी भरून काढता येते. अंतिम सामना एकच. बरोबरी असती तर 15-15 मिनिटांचा जादा वेळ, त्यानंतर पेनल्टी शूटआउट. 2022 मध्ये मित्युलंड आणि ओडेन्स यांच्यात एकही गोल झाला नाही आणि निकाल शूटआउटवर गेला होता. इथे तशी वेळ आली नाही. 1-0. सिल्केबोर्गचा दुसरा चषक, 23 वर्षांनी, आणि सोबत युरोपा लीग या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेच्या पात्रता फेरीचं दार.

29 मे 2025, पुन्हा तोच सण, तेच पार्केन. सिल्केबोर्ग पुन्हा अंतिम सामन्यात. या वेळी एफसी कोपनहेगनने त्यांना 3-0 ने हरवलं. हा कोपनहेगनचा दहावा चषक. तोवर 9 चषकांचा विक्रम एजीएफ आणि कोपनहेगन यांच्यात वाटलेला होता.