जास्वंदीवर, दूर्वांखाली

इंदूर, लोकमान्य नगर. भाद्रपदातली सकाळ, रात्रीच्या पावसाने अंगण अजून ओलं आहे. आजी परडी घेऊन जास्वंदीपाशी आल्या, फांदी वाकवली आणि हात तिथेच थांबला. फुलाच्या पाकळ्या कुरतडलेल्या, आणि आत एक भुंगेरा बसलेला. गणपतीला असं फूल वाहायचं कसं?

जरा जवळून बघूया त्याला. लांबी साधारण अडीच सेंटिमीटर. अंग काळंभोर, पाठीवर नारिंगी-तांबडे नागमोडी आडवे पट्टे. डोकं खाली झुकलेलं, मान बारीक. इतर भुंगेऱ्यांचे वरचे पंख टणक असतात, याचे चामड्यासारखे लवचीक. शेतकरी याला हिंगे म्हणतात. शास्त्रीय नाव मायलॅब्रिस पस्च्युलाटा.

आपण इतके जवळ आलो, तरी तो उडाला नाही. त्याला घाई नाही, आणि त्याचं कारण त्या पट्ट्यांत आहे. हा रंग पक्ष्यांना बजावतो, मला खाऊ नका. त्याच्या अंगात कँथरिडिन नावाचं विष असतं. त्याला डिवचलं की पायांच्या सांध्यांतून पिवळसर द्रव पाझरतो, आणि तो कातडीला लागला की काही तासांनी फोड येतो. म्हणून मुलांनो, चिमटीत धरायचं नाही, चिरडायचं तर मुळीच नाही. 1810 साली पिएर रोबिके या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने याच कुळातल्या एका युरोपीय भुंगेऱ्यापासून हे द्रव्य वेगळं केलं. या कुळात ते तयार करतो मुख्यतः नर. मीलनाच्या वेळी तो ते मादीला देतो, आणि तिच्याकडून ते अंड्यांपर्यंत पोचतं. बापाने दिलेलं विष पोरांची राखण करतं.

आता फूल सोडून खाली या, जमिनीवर.

जास्वंदीच्या बुंध्याशी दूर्वा माजल्या आहेत. दूर्वा खुडताना टुणकन उडणारे नाकतोडे आपण सगळ्यांनीच पाहिलेत. ते मातीत अंड्यांचे पुंजके घालतात. हिंगेची मादीही मातीतच अंडी घालते. तिच्या अंड्यातून निघालेली अळी इवलीशी, पण सहा पायांची आणि भलती चपळ. जन्मल्याबरोबर ती नाकतोड्यांची अंडी शोधायला निघते. पुंजका सापडला की तिथेच मुक्काम, आणि तीच अंडी तिचं जेवण. मग कात टाकता टाकता तिचं रूपच पालटतं. ती लठ्ठ होते, सुस्तावते. धावायची गरजच उरलेली नसते! पुढे कडक कवच धरून ती जमिनीखाली निपचित पडून राहते. एकाच किड्याच्या अळीने इतकी वेगवेगळी रूपं घ्यावीत, हे मला त्याच्या पट्ट्यांपेक्षाही देखणं वाटतं.

पावसाळ्यात भुंगेरा बाहेर येतो आणि फुलांवर बसतो. जास्वंद, भेंडी, चवळी, मूग. शहराबाहेर माळव्याच्या काळ्या मातीत तूर फुलावर आली की तिथेही. तुरीचं फूल खाल्लं की शेंग गेली, आणि शेतकऱ्याचं ते नुकसान खरंखुरं आहे. तिथे सकाळी हातमोजे घालून किंवा जाळीने भुंगेरे गोळा करून साबणाच्या पाण्यात टाकावे लागतात. अळी मात्र त्याच शेतातले नाकतोडे कमी करत असते, म्हणून सरसकट फवारणी करण्याआधी थांबून मोजावं, किती आहेत.

अंगणात तेवढंही करायची गरज नाही. आजींनी नातीला हाक मारली, "अगं, काडी आण बरं एक." काडीने फूल हलवताच भुंगेरा पाय आखडून टपकन दूर्वांत पडला. काही क्षण हलला नाही. मग मिशा हलल्या, पाय सुटले आणि तो गवतातून चालू लागला.

आजींनी वरच्या फांदीवरची न उमललेली कळी खुडली. दूर्वा तोडायला नात खाली बसली आहे.